कुणीतरी आधी हो म्हटलं म्हणून



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी या गावातल्या मुलांना वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं. आनुवंशिकतेचा धडा शिकवताना त्या मुलांना घरी पाठवत आणि आजी-आजोबांपासूनचे डोळ्यांचे रंग, कानाच्या पाळ्या टिपून आणायला सांगत. आज मी त्याच धड्याचा पुढचा भाग मांडणार आहे, फक्त टिपून आणायची गोष्ट वेगळी आहे. घराण्यात चालत आलेला कॅन्सर आणि त्याच्या संशोधनात आपणहून सहभागी होणारी साधी माणसं, हा माझा विषय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर इथून भलतीच भीती घेऊन लोक घरी जातील. बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. आई-वडिलांकडून आलेल्या एखाद्या ठळक जनुकीय दोषामुळे होणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के धरतात. तंबाखू, वय, संसर्ग आणि पेशीविभाजनात आपसूक होणाऱ्या चुका यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण ज्या घरात तो दोष आहे, त्या घराला या टक्केवारीचा काही उपयोग नसतो. तिथे एकामागून एक माणसं जातात, तीही ऐन उमेदीत. आणि दोष नेमका कळला तर पुढची माणसं वाचवता येतात, हे आता सिद्ध झालेलं आहे. ते कसं सिद्ध झालं ते सांगतो.

1895 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर गावी, ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे एक तरुण पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई एकदा त्यांना फार खिन्न दिसली. त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, मी लवकर मरणार आहे. आमच्या घरात सगळे आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. त्या वेळी तिची तब्येत ठणठणीत होती. पुढे ती खरोखरच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली.

वॉर्थिननी तिचं बोलणं मनावर घेतलं. कोण कोणाचा कोण, कोणत्या वयात गेला, कोणत्या अवयवाचा आजार होता, हे सगळं त्यांनी मांडायला सुरुवात केली आणि 1913 मध्ये ते प्रसिद्ध केलं. वैद्यकाच्या इतिहासात हे घराणं ‘फॅमिली जी’ म्हणून ओळखलं जातं. त्या काळी जनुक म्हणजे काय हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. रक्त काढून तपासायचं तर सोडाच, काय शोधायचं हेही माहीत नव्हतं. त्या बाईकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, आपल्या माणसांची खरी माहिती. ती तिनं दिली. त्यातून तिला स्वतःला काहीही मिळालं नाही.

वॉर्थिननंतर हा विषय मागे पडला. कॅन्सर आनुवंशिक असतो म्हणणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जाई, आणि त्यामागे एक काळं प्रकरणही होतं. वंशशुद्धीचं खूळ त्या काळात युरोप-अमेरिकेत बोकाळलं होतं आणि वॉर्थिन स्वतःही त्या विचाराकडे झुकलेले होते. घराण्याच्या आजाराची नोंद ठेवणं आणि त्या घराण्याला हीन ठरवणं यांतली रेषा तेव्हा पुसट होती. आज एखादं कुटुंब वंशावळ काढायला कचरतं, तेव्हा त्या संकोचामागे खरा इतिहास आहे, हे आम्ही डॉक्टरांनी विसरू नये.

1960च्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच नावाचे डॉक्टर एका रुग्णाला पाहत होते. दारूचं व्यसन सोडवायला आलेला तो माणूस म्हणाला, पितो कारण मला ठाऊक आहे की मी कॅन्सरनंच मरणार. आमच्यात सगळे तसेच जातात. लिंच तरुणपणी मुष्टियोद्धे होते, चिवट होते. त्यांनी त्या शेतकरी घराण्याचा माग काढला. नातेवाइकांना भेटायचं, जुने रिपोर्ट शोधायचे, मृत्यूचे दाखले मिळवायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे वॉर्थिनच्या ‘फॅमिली जी’ची कागदपत्रंही मिशिगनहून त्यांच्या हाती आली आणि 1971 मध्ये त्या घराण्याचा 1895 ते 1970 असा 75 वर्षांचा आलेख प्रसिद्ध झाला. अनुदान देणाऱ्या संस्था लिंचना बराच काळ दारात उभं करत नव्हत्या. ज्यांनी दार उघडलं ती ही कुटुंबं होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती सांगत होती, अमुक काकू पंचेचाळीसाव्या वर्षी गेली, तमुक मामाचं आतड्याचं ऑपरेशन झालं.

1993 आणि 1994 मध्ये त्या आजारामागची पहिली जनुकं सापडली. एमएसएच-2 आणि एमएलएच-1 ही त्यांची नावं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. पुस्तक छापायला जाण्यापूर्वी मुद्रितशोधक चुका दुरुस्त करतो, तसं ही जनुकं त्या चुका दुरुस्त करण्याचं काम करतात. मुद्रितशोधकच गैरहजर असेल तर चुका साठत जातात, आणि साठलेल्या चुकांतून पुष्कळदा पन्नाशीच्या आतच आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर उभा राहतो. आई किंवा वडील यांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. 2000 साली ‘फॅमिली जी’मधला नेमका दोषही एमएसएच-2 मध्येच सापडला. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलेलं खरं ठरायला 105 वर्षं लागली. या आजाराला आता लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजाप्रमाणे सुमारे 280 माणसांत एकात तो असतो.

दोष कळून उपयोग काय, हा सरळ प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर फिनलंडनं दिलं. तिथल्या 22 घराण्यांतल्या 252 माणसांना डॉक्टरांनी विचारलं, दर तीन वर्षांनी दुर्बीण घालून आतडं तपासायला याल का? 133 जण हो म्हणाले, 119 जण नाही म्हणाले. दोन्ही गटांवर 15 वर्षं लक्ष ठेवलं. तपासणी करून घेणाऱ्यांत 8 जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, न करणाऱ्यांत 19 जणांना. आणि आतड्याच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू? तपासणीच्या गटात एकही नाही. दुसऱ्या गटात 9. कारण सोपं आहे. आतड्यात आधी छोटी गाठ येते, पॉलिप म्हणतात तिला, आणि ती दुर्बिणीतूनच काढून टाकता येते. आज जगभर लिंच सिंड्रोमच्या माणसांना ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी करायला सांगतात, त्यामागे अशा कुटुंबांची वर्षं आहेत.

दुसरं उत्तर मला त्याहून जवळचं वाटतं, म्हणून त्यावर थोडा थांबतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे जॉन बर्न यांनी 1990च्या दशकाअखेर एक चाचणी सुरू केली, तिचं नाव कॅप-2. प्रश्न असा होता की आपली साधी ॲस्पिरिन या लोकांचा कॅन्सर टाळू शकते का. लिंच सिंड्रोमचा दोष असलेली 861 माणसं अनेक देशांतून ॲस्पिरिनच्या प्रश्नासाठी पुढे आली. 427 जणांना रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि 434 जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे त्यांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. गोळ्या किमान दोन वर्षं घ्यायच्या, जास्तीत जास्त चार.

आता त्या माणसांचा विचार करा. ती आजारी नव्हती. घरातली माणसं गेलेली पाहिलेली होती, आपल्यात दोष आहे हे कळलेलं होतं, आणि तरीही, आपल्याला कदाचित खोटीच गोळी मिळत असेल हे माहीत असून, ती रोज गोळी घेत होती. 2008 मध्ये पहिला निष्कर्ष छापून आला. ॲस्पिरिनचा काही फायदा दिसत नाही, असा. एरवी अशा वेळी फाइल बंद होते, सहभागी आपापल्या घरी जातात आणि पत्ते हरवतात. इथे तसं झालं नाही. चाचणीच्या आराखड्यातच पुढची वर्षं लक्ष ठेवायचं ठरलेलं होतं, आणि ही माणसं संपर्कात राहिली. 2011 मध्ये चित्र बदललं. ज्यांनी दोन वर्षं किंवा जास्त काळ गोळ्या घेतल्या होत्या त्यांच्यात कॅन्सर कमी होताना दिसायला लागला. 2020 मध्ये दहा वर्षांचा हिशोब आला: ॲस्पिरिनच्या गटात 40 जणांना आतड्याचा कॅन्सर, म्हणजे 9 टक्के, खोट्या गोळीच्या गटात 58 जणांना, म्हणजे 13 टक्के. गोळी बंद केल्यानंतरही तिचा परिणाम वर्षानुवर्षं टिकला होता. गोळी घेत असताना मात्र तो दिसलाच नव्हता.

त्याच चाचणीत आणखी एक प्रश्न गुंफलेला होता. काही सहभागींना रोज 30 ग्रॅम असा स्टार्च दिला जो लहान आतड्यात पचत नाही. जरा कच्च्या केळ्यात असतो तसा. आतड्याच्या कॅन्सरवर त्याचा परिणाम दिसला नाही. पण 2022 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात आतड्याबाहेरचे कॅन्सर, विशेषतः जठर, स्वादुपिंड अशा वरच्या पचनमार्गातले, त्या गटात कमी आढळले. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी पाकीट फोडून जेवणावर पूड टाकली, त्याचं उत्तर आता आलं.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2020 मध्ये लिंच सिंड्रोमच्या लोकांसाठी ॲस्पिरिनचा विचार करावा असं अधिकृतपणे सांगितलं. इथे हात जोडून एक विनंती: हे ऐकून घरी जाऊन कोणी ॲस्पिरिन सुरू करू नका. तिनं पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हा निष्कर्ष ज्यांच्यात हा विशिष्ट दोष सिद्ध झाला आहे त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांनीही ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची.

स्तनाच्या कॅन्सरची कथा अनेकांना माहीत आहे, म्हणून ती आटोपती घेतो. मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये दाखवलं की घराण्यात चालणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. त्यासाठी 23 घराणी आणि त्यांतले 146 कॅन्सर त्यांनी अभ्यासले होते. 1994 मध्ये ते जनुक हाती आलं, बीआरसीए-1; पुढच्या वर्षी बीआरसीए-2. एका कंपनीनं या जनुकांवर पेटंट घेतलं आणि अमेरिकेत तपासणी 3,000 डॉलरच्या वर गेली. ज्या कुटुंबांनी रक्त फुकट दिलं, त्यांच्याच लेकींना ती परवडेना. 13 जून 2013 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की निसर्गात असलेल्या डीएनएवर पेटंट घेता येत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळांनी स्वस्त तपासणी जाहीर केली. या प्रकरणातून मी एवढंच घेतो की रक्त देताना, त्यातून निघालेल्या ज्ञानावर हक्क कोणाचा राहील हे विचारणं उद्धटपणा नाही. ते विचारलंच पाहिजे.

आता आपल्याकडे येतो.

लोकांचा समज असतो की संशोधनात भाग घेणं ही परदेशातली गोष्ट. त्यांना मी उस्मानाबाद जिल्ह्याचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, उदाहरण देतो. ते जनुकांचं संशोधन नव्हतं, पण कॅन्सर टाळण्याचंच होतं. 1999 पासून तिथल्या खेड्यांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एका अभ्यासात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. चार गट होते. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. 2009 मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू, ज्यांची तपासणी झाली नाही त्या गटात 64. आज जगभर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी करा असं सांगितलं जातं, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत कळंब-तुळजापूरकडच्या बायकांचा हा पुरावा आहे. आयुष्यभर डॉक्टर न पाहिलेल्या बायका वाहनात बसून तपासणीला आल्या, हे मला फार मोठं वाटतं.

त्या अभ्यासावर नंतर टीकाही झाली, आणि ती मी लपवणार नाही. चौथ्या गटाला माहिती दिली, तपासणी केली नाही. हे योग्य होतं का, असा प्रश्न देशा-परदेशातल्या जाणकारांनी विचारला. संशोधक म्हणाले, त्या भागात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, तीच रूढ स्थिती होती. माझं मत विचाराल तर, ज्या बायकांच्या बळावर जगाला उत्तर मिळालं, त्या चौथ्या गटातल्या प्रत्येकीपर्यंत ते उत्तर सगळ्यांत आधी पोचलं पाहिजे. संशोधनात सहभागी होणाऱ्याचं हे पहिलं देणं आहे.

आनुवंशिक कॅन्सरच्या बाबतीत मात्र आपण अजून फार मागे आहोत. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात संशोधन चालतं, मोठ्या शहरांत समुपदेशक मिळू लागले आहेत. तरी जगाच्या जनुकीय माहितीच्या साठ्यात बहुतांश माणसं युरोपीय वंशाची आहेत. याचा परिणाम आमच्या टेबलावर रोज दिसतो. तपासणीचा रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं: जनुकात बदल आढळला, अर्थ अनिश्चित. म्हणजे हा बदल घातक आहे की निरुपद्रवी, ते सांगता येत नाही. समोरची बाई विचारते, मग मी ऑपरेशन करू की नको? तिला खात्रीनं काहीही सांगता येत नाही, कारण तिच्यासारखी पुरेशी माणसं आजवर कुठल्या नोंदीत आलेलीच नाहीत. 2020 मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पानं सुमारे 10,000 भारतीयांचे जीनोम वाचले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती फरिदाबादच्या साठ्यातून संशोधकांना खुली झाली. ही मोठी गोष्ट आहे. पण ती सर्वसामान्य लोकांची माहिती आहे. कॅन्सर असलेल्या घराण्यांची वेगळी, तपशीलवार माहिती लागते, आणि ती घराण्यांनीच द्यावी लागते.

ती कशी दिली जाते ते सांगतो. सुरुवात सुईनं होत नाही, कागदानं होते. समुपदेशक कोरा कागद घेतो. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. कॅन्सर झालेल्याचं चिन्ह काळं करायचं, गेलेल्यावर तिरपी रेघ, शेजारी वय. माझ्यासमोर एकदा आई आणि तिची लेक बसल्या होत्या. लेकीला चाळिशीच्या आत गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. विचारलं, वडिलांच्या बाजूला कोणाला काही? आई म्हणाली, “आत्याला पोटात गाठ होती.” कुठे, पोटात? “ते काही बोलायचे नाहीत घरात.” मग लेक बाहेर गेली आणि व्हरांड्यातून तिनं गावाकडच्या चुलत्याला फोन लावला. परत आली तेव्हा तिच्या हातावर बॉलपेननं लिहिलेलं होतं: मोठी आत्या, 46, आतडं, मिरजेला ऑपरेशन. धाकटी आत्या, 50, गर्भपिशवी. आजोबा, आतडं, वय माहीत नाही. कागदावर तीन चिन्हं काळी झाली, आणि रक्त काढण्याआधीच आजाराचं नाव जवळजवळ ठरलं.

आपल्याकडे वंशावळी नाहीत असं नाही. त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी दारात येऊन सात पिढ्या म्हणून दाखवतो. पण त्या नोंदी प्रामुख्यानं पुरुषांच्या. लेक लग्न होऊन गेली की तिचा धागा तुटतो. तिचा आजार सासरच्या घरात जमा होतो आणि माहेरच्या हिशोबातून जातो. त्यामुळे आत्या आणि मावशी या दोन माणसांची चौकशी मी सर्वांत आधी करतो. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो: स्तनाच्या कॅन्सरचा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आईच्या बाजूला कोणी नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

कागदानंतर संमतिपत्र, मग थोडंसं रक्त. पुष्कळांना वाटतं की आजारी माणसाचंच रक्त कामाचं. तसं नाही. ऐंशी वर्षांची ठणठणीत आजी कित्येकदा फार मोलाची असते. अर्थ अनिश्चित असलेला बदल तिच्यातही सापडला आणि तिला आयुष्यभर काही झालं नाही, तर तो निरुपद्रवी असण्याकडे पारडं झुकतं. आजारी असलेल्या सगळ्यांत तो आहे आणि निरोगी असलेल्यांत नाही, असं दिसलं तर उलट. त्या आजीनं एकदा बाही वर केली की तिच्या नातीच्या रिपोर्टातला ‘अनिश्चित’ हा शब्द पुसला जाण्याची शक्यता निर्माण होते.

पण खरा अडसर रक्त देण्याचा नसतोच, लग्नाचा असतो. “धाकटीचं जमवायचंय, तेवढं झालं की बघू,” हे वाक्य मी सतत ऐकतो. या भीतीला हसण्यात अर्थ नाही. आपल्या समाजात मुलीची तपासणी ही तिच्या स्थळाची बातमी होते, हे खरं आहे. म्हणून गोपनीयता ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. संशोधनातला तुमचा नमुना नावाशिवाय, सांकेतिक क्रमांकानं साठवला गेला पाहिजे, आणि रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय दिराला, सासऱ्याला, कोणालाही दिला जाऊ नये. त्याचबरोबर आई-वडिलांना मी हेही सांगतो की लग्नानंतर कळलेला दोष लग्नाआधीही तिथेच होता. फरक इतकाच की मधल्या वर्षांत तपासणी राहून गेली. शिवाय मामाच्या मुलीशी लग्नाची चाल जिथे आहे तिथे प्रश्न आणखी गंभीर. लिंच सिंड्रोमचा दोष दोन्हीकडून आला तर मुलाला बालपणीच मेंदूचा किंवा रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.

विम्याची भीतीही रास्त आहे. अमेरिकेत 2008 मध्ये जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा किंवा नोकरी नाकारण्याला बंदी करणारा कायदा झाला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आनुवंशिक आजार म्हणून सरसकट विमा नाकारणं हा भेदभाव आहे असं म्हटलं, आणि विमा नियामकानंही त्याच वर्षी कंपन्यांना सूचना दिल्या. पण निकाल आणि परिपत्रकं ही कायद्याची जागा घेऊ शकत नाहीत. लोकांनी निर्धास्तपणे पुढे यावं असं सरकारला वाटत असेल, तर हा कायदा झाला पाहिजे. या सभागृहात लोकप्रतिनिधी असतील तर त्यांनी याची नोंद घ्यावी.

हो म्हणताना डोळे उघडे ठेवावेत, यासाठी दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या हवासुपाई आदिवासींनी 1990च्या सुमारास मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजार आणि त्यांच्या पूर्वजांचं स्थलांतर यांचा अभ्यास त्यांना न विचारता झाला. ते न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये विद्यापीठाला त्यांना 7 लाख डॉलर आणि रक्ताचे नमुने परत द्यावे लागले. दुसरी गोष्ट आपल्या देशातली. 2009-10 मध्ये खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची लस देण्याच्या प्रकल्पात अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. 2013 मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, आजही आहे. पण दुसऱ्यानं सही केलेली संमती ही संमती नव्हे, आणि अशा एका प्रकारानं पुढच्या दहा चांगल्या अभ्यासांची दारं बंद होतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतिपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. मराठीत मागा. घरी नेऊन वाचा, घरच्यांशी बोला. माझं रक्त किती वर्षं साठवाल, दुसऱ्या संशोधनासाठी वापरायचं झालं तर मला पुन्हा विचाराल का, माझ्या कामाचं काही सापडलं तर मला कळवाल का, आणि मला ते कळून घ्यायचंच नसेल तर तो माझा हक्क राखाल का, हे विचारा. आइसलँडमध्ये याच शेवटच्या प्रश्नावर देशभर वाद झाला: बीआरसीए-2 चा दोष असलेली माणसं संशोधकांना साठ्यातून ओळखता येत होती, पण न विचारता त्यांना सांगणं कायद्यात बसत नव्हतं. 2018 मध्ये तिथे संकेतस्थळ उघडलं आणि ज्याला जाणून घ्यायचं त्यानं स्वतः मागावं अशी सोय झाली. मला ती वाट योग्य वाटते. आणि हेही लक्षात ठेवा, कोणत्याही क्षणी, कारण न देता, तुम्ही संशोधनातून बाहेर पडू शकता. त्यानं तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. उत्तरं टाळणाऱ्या ठिकाणी सही करू नका. उत्तरं देणाऱ्या ठिकाणी मात्र मागे राहू नका.

जाता जाता एक विनंती, आणि ती तातडीची आहे. घराण्यातला दोष शोधायचा तर तपासणी शक्यतो आजार झालेल्या माणसापासून सुरू करावी लागते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या भाचीला तिथला डॉक्टर विचारतो, तुमच्या मावशीची जनुकीय तपासणी झाली होती का? आणि मावशी साताऱ्यात असते, किंवा गेलेली असते. ती गेली असेल तर निदान तिच्या ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक रुग्णालयात असू शकतो. त्यावरूनही बरंच कळतं, पण रुग्णालयं असे ब्लॉक कायम ठेवत नाहीत. तेव्हा तुमच्या घरात पन्नाशीच्या आत कोणाला आतड्याचा, गर्भाशयाचा, स्तनाचा कॅन्सर झाला असेल, किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा, आणि ते माणूस आज हयात असेल, तर त्यांना या आठवड्यात भेटा. त्यांचं वय, अवयव, रुग्णालयाचं नाव लिहून घ्या, रिपोर्टची फाइल जपून ठेवा, आणि त्यांना विचारा की जेनेटिक क्लिनिकला माझ्याबरोबर याल का. त्यांनी हो म्हटलं तर वेळ दवडू नका.